शिंगडं भामरागडलाच राहिलं

“झालं का?” मॅडमनी विचारलं. काचेच्या केसमध्ये जुनं पिस्तूल होतं, शेजारी तांब्याच्या टोप्यांची डबी. दिसत छान होतं.

“डबी काढावी लागेल,” मी म्हणालो.

चंद्रपूरच्या एका छोट्या संग्रहालयात मांडणीचं काम मी करतो; मॅडम तिथल्या प्रमुख. हे पिस्तूल चकमकीचं. चाप ओढला की गारगोटी पोलादावर आपटते, ठिणगी पडते आणि दारू पेटते. टोप्या नंतरच्या काळातल्या, ठिणगीऐवजी त्या फोडून दारू पेटवायच्या; याला लागतच नाहीत. याच्याजवळ हवं दारू ठेवायचं शिंगडं. ते मिळेना.

आमचा वॉचमन लालसू म्हणाला, भामरागडकडं त्याच्या मावशीकडं एक आहे. पावसाळा संपून रस्ता सुरू झाला, तसे आम्ही दोघं निघालो.

मावशीचं नाव जैनीबाई. शिंगडं म्हशीचं, लाकडी बुचाचं, हाताळून गुळगुळीत झालेलं. नवऱ्याच्या आजोबांपासून घरात होतं. नळीच्या तोंडातून दारू ठासायची त्यांची भरमार बंदूक केव्हाच सरकारजमा झाली होती. आता आत काकडीचं बी होतं. पहिलं बी नवऱ्यानं मरायच्या आधी निवडून भरलेलं. दरवर्षी ती त्यातलं पेरायची आणि नवीन बी त्यातच भरायची.

संग्रहालयासाठी द्याल का, असं मी विचारलं. लालसूनं तिला त्यांच्या माडिया भाषेत समजावलं. तिनं मग बी सुपात ओतलं, शिंगडं पदरानं पुसलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

“ने भाऊ,” ती मराठीत म्हणाली. “पण आजचा दिवस राहू दे मायाजवळ.”

मला ते उचलवेना. मी मापं घेतली, शिंगड्याचे आणि तिचे फोटो काढले. सुपातलं बी परत आत भरलं आणि बूच लावलं. तिनं आत जाऊन आमच्यासाठी चहा ठेवला.

परत आल्यावर मी म्हणालो, या मापांनी नवीन करून घेऊ. मॅडम नाराज झाल्या. नवीन करून ठेवलं तर लोक फसवणूक म्हणतील, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणालो, फलकावर तसं लिहू. जैनीबाईंचा फोटो दाखवला, तेव्हा त्यांनी खर्चाच्या कागदावर सही केली. एका कारागिरानं दुसऱ्या प्रयत्नात शिंगडं बरोबर जमवलं.

पुढं लालसूनं मावशीला बसनं चंद्रपूरला आणलं. नवीन शिंगडं तिनं नीट पाहिलं, मान हलवली. मग पिस्तुलाकडं बोट केलं.

“हे कोणाचं हाय?”

“माहीत नाही, बाई. नाव कुठंच नाही.”

“मंग याले पाह्यले घरचं कोणी येत नसंन.”

लालसू बसची वेळ सांगत होता. ती पिस्तुलाजवळ उभीच राहिली. कोणाला घरचं माणूस म्हणून भेटायला यावं, तशी.

दुसऱ्या दिवशी मी फलकात एक ओळ वाढवली: मालक कोण होता, ते माहीत नाही. जे ठाऊक नसेल, तेही फलकावर लिहावं. जागा फार लागत नाही.