न दिलेला पेपर

"यात 'अनसॅटिसफॅक्टरी' म्हटलंय, ते माझ्याबद्दलच आहे ना?"

आईने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. जुलैची सुरुवात होती. मेलबर्नच्या कडेला असलेल्या आमच्या ट्रुगानिनात त्या दिवसांत असा वारा सुटतो की दोरीवरचे कपडे शेजारच्या कुंपणाला लटकलेले सापडतात. ते गोळा करून ती नुकतीच आत आली होती.

मी मेल वाचला. मग पुन्हा वाचला. आई इथल्या एका युनिव्हर्सिटीत बालशिक्षणाची पदवी करत होती. त्या सत्रात तिने तीन विषय घेतले होते आणि त्यांतले दोन नापास होते. निम्म्याहून कमी विषय पास झाल्यामुळे तिची प्रगती समाधानकारक मानता येत नव्हती. तिची शिष्यवृत्ती का थांबवू नये, हे तिने समितीसमोर येऊन सांगायचं होतं.

"नापास? आई, तू नापास?"

"छे गं. मी पेपरला बसलेच नव्हते. नापास कशी होईन?"

हे तिने अगदी सहज सांगितलं. जूनमध्ये बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, घरात धावपळ होती, हे मला माहीत होतं. पण दोन्ही पेपर ज्या दिवशी होते त्या दिवशी ती सकाळी डबा घेऊन बाहेर पडली होती. मला वाटलं, पेपरला गेली. ती बालवाडीत कामावर गेली होती. एका सहकारी बाईची शिफ्ट तिने मागून घेतली होती.

"तयारी झाली नव्हती. मग उगाच कशाला बसायचं? पुढच्या वेळी नीट देईन."

पुढची वेळ म्हणजे तिच्या डोक्यात ऑक्टोबर होता. मुंबई विद्यापीठातला ऑक्टोबर. तिच्या पिढीला यात काही वावगं वाटत नाही. अभ्यास कच्चा असेल तर पेपर ड्रॉप करायचा, सहा महिने घासायचं आणि चांगले मार्क घेऊन बाहेर पडायचं. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षी तिने दोन पेपर असेच सोडले होते आणि ऑक्टोबरला फर्स्ट क्लास काढला होता. आमच्या घरात ही गोष्ट अभिमानाने सांगतात. कशीबशी तयारी करून काठावर पास झालेल्या मैत्रिणींबद्दल ती अजून नाक मुरडते.

इथे ऑक्टोबर नव्हता. न दिलेला पेपर म्हणजे शून्य आणि शून्य म्हणजे नापास.

शिष्यवृत्ती गेली तर काय होईल, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. शिक्षिका व्हायचं तर शाळेत काही आठवडे बिनपगारी काम करावं लागतं. त्या आठवड्यांत बालवाडीचा पगार बंद. शिष्यवृत्ती होती ती नेमकी त्या आठवड्यांसाठी. ती नसेल तर ते काम नाही, आणि ते काम नाही तर पदवी नाही. वीस वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली मुलांची नाकं पुसल्यावर आईने पहिल्यांदा स्वतःचा वर्ग मागितला होता.

मी पत्रकांच्या घरात वाढले. ठाण्याच्या कारखान्यात असताना बाबा युनियनची पत्रकं लिहायचे, आई प्रुफं तपासायची आणि पाठकोऱ्या कागदांवर मी अक्षरं गिरवायचे. एका ओळीची खात्री नव्हती म्हणून आईने एकदा छापून आलेला अख्खा गठ्ठा वाटू दिला नव्हता. मला त्या घरातून राग मिळाला, तिला बहुधा ती खात्रीची सवय. मी त्याच दुपारी लिहायला बसले. आजारी माणसाची काळजी घेणाऱ्या बायका, फुकट राबवून घेतली जाणारी उमेदवारी, गरिबाच्या डोक्यावर टांगलेली टक्केवारी, सगळं लिहिलं. चार पानं झाली.

आईने लाल पेन घेतलं.

"हे 'अमानुष' कुणाला?"

"नियमाला."

"नियम माणूस नसतोच. काढ ते."

"आई, तुझी शिष्यवृत्ती चाललीय आणि तू माझी विशेषणं खोडतेयस?"

"चार पानांत माझ्याबद्दल दोन ओळी आहेत. बाकीचा मोर्चा आहे."

बाबा पाय स्टुलावर ठेवून सोफ्यावर पडले होते. ते म्हणाले, "मोर्चा वाईट नाहीये हं पण." आईने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. ते पुन्हा क्रिकेटकडे वळले.

संध्याकाळी पलीकडच्या गल्लीतली मावशी आली. ती वसईची, इथे हॉस्पिटलात नर्स आहे आणि आईची या देशातली पहिली मैत्रीण. तिने सगळं ऐकलं आणि सरळ म्हणाली, "त्यात काय, ह्यांचं ऑपरेशन झालं ना? सांग, नवऱ्याला सोडून येता आलं नाही. डॉक्टरांचा कागद आहेच तुमच्याकडे. सुटलीस."

"अगं, पण सोडून गेलेच होते की मी. कामावर गेले होते."

"ते त्यांना कोण सांगणारे?"

"मी."

मावशीने कपाळावर हात मारला. "तुमच्या घरात खरं बोलायचा आजार आहे बाई. त्याचंच सर्टिफिकेट जोड."

आम्ही हसलो. पण मी मनातून मावशीच्या बाजूची होते. ज्या नियमाला माणूस दिसत नाही, त्याच्यासमोर इतकं सोवळं कशासाठी पाळायचं? समितीसमोर जायच्या दिवशी हे मी आईला गाडीत दोनदा बोलून दाखवलं. तिने दोन्ही वेळा इंडिकेटर दाखव म्हणून सांगितलं.

समितीत तिघं होते. मध्ये बसलेले अध्यक्ष, बैठकीचं टिपण लिहिणारा एक कर्मचारी आणि आईच्याच विभागातली पांढऱ्या केसांची एक प्राध्यापक बाई. आईला सोबत एक माणूस आणायची मुभा होती, पण त्या माणसाने तोंड उघडायचं नाही, असं सुरुवातीलाच बजावलं गेलं. माझी चार पानं माझ्याच मांडीवर होती. आईने ती मागितली नाहीत.

अध्यक्ष सौम्य होते. त्यांनी स्वतःहून सबबीचं दार उघडून धरलं. "त्या काळात तुमची तब्येत ठीक नव्हती का? घरात काही अडचण? कुणाचं आजारपण?"

आई म्हणाली, "नवऱ्याचं ऑपरेशन झालं होतं. पण मी त्या कारणाने गैरहजर नव्हते. त्या दिवशी ते एकटे राहू शकत होते."

मी पायाने तिचा बूट दाबला. तिने पाय काढून घेतला.

"मग का आला नाहीत?"

"मला विषय नीट येत नव्हता. आमच्याकडे येत नसेल तर पेपर सोडतात, नीट शिकून पुन्हा देतात. अर्धवट येत असताना बसणं मला बरं वाटलं नाही. लहान मुलांना शिकवायचंय ना."

प्राध्यापक बाईंनी स्क्रीन आपल्याकडे ओढली, काहीतरी पाहिलं, चष्मा काढून पुन्हा घातला.

"तुमच्या पहिल्या विषयाचं म्हणतेय. सत्रभर जे निबंध आणि निरीक्षणं दिलीत, त्यांचे साठपैकी बेचाळीस गुण तुमच्याकडे होते. पासला पन्नास लागतात. परीक्षा चाळीस गुणांची होती. तुम्हाला त्यातले फक्त आठ हवे होते."

आई स्क्रीनकडे वाकली.

"आठ?"

"आठ. तुम्ही येऊन एका प्रश्नाचं उत्तर लिहिलं असतं तरी चाललं असतं. आणि हा एक विषय पास झाला असता तर आज तुम्ही इथे नसता."

मला वाटतं, नापासाचा धक्का आईला तिथे बसला, त्या मेलने नाही. तिच्या लेखी शिक्षण म्हणजे तीन तासांचा पेपर. आधीचं सगळं म्हणजे खोगीरभरती. बालवाडीतल्या मुलांची जी निरीक्षणं तिने मन लावून लिहिली होती, त्यांना गुण मिळतात हे तिला माहीत होतं, पण ते मोजले जातात यावर तिचा कधी विश्वासच बसला नव्हता. कष्टाने कमावलेलं तिने स्वतःच्या हाताने टाकून दिलं होतं, आणि तेही प्रामाणिकपणा म्हणून.

माझं म्हणाल तर मी चार पानं लिहिली होती ती तिला अपात्र ठरवणाऱ्या दुष्ट व्यवस्थेविरुद्ध. त्या व्यवस्थेने तिला बेचाळीस गुण आधीच दिले होते, आणि हे सत्रभर तिला समजेल अशा शब्दांत एकानेही सांगितलं नव्हतं. हँडबुकात छापलं की सांगून झालं, असं तिथे समजतात. माझा राग अजून गेलेला नाही. फक्त तो माझ्या चार पानांत जिथे होता तिथे आता नाही.

निकाल आठवड्याभराने आला. आईला पदवी सुरू ठेवता येणार होती. शिष्यवृत्ती एका सत्रापुरती थांबवली होती. पुढच्या सत्रात तिने दोनच विषय घेतले होते; ते दोन्ही पास झाली तर पुन्हा सुरू, नाहीतर कायमची बंद.

नोव्हेंबरच्या पेपराच्या सकाळी ती पुन्हा तेच म्हणाली. "भाषेचा भाग नीट झाला नाहीये. घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी, अशी मुलं काही महिने गप्प होतात ना, ते. त्यावर प्रश्न आला तर मी काय लिहू?"

"जे येतं ते लिही."

"आणि येत नाही ते?"

"तेही लिही."

तिने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी तिला दुकानातून काही उचलून आणायला सांगितलं होतं. पण गाडीतून उतरली आणि आत गेली.

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. प्रश्न तोच आला होता. "दीड पान लिहिलं. त्यातलं निम्मं मला ठाऊक नाही. लाज वाटत होती, पण हात थांबवला नाही."

दोन्ही विषय पास झाले. शिष्यवृत्ती पुन्हा सुरू झाली. मावशी केक घेऊन आली, बाबा काठी सोडून स्वयंपाकघरापर्यंत चालत गेले. आईने केक कापला, सगळ्यांना दिला, स्वतः एक घास खाल्ला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिलं तर ती जेवणाच्या टेबलावर पुस्तक उघडून बसली होती. गप्प होणाऱ्या मुलांचं प्रकरण.

"आई, झाली ना परीक्षा. पास झालीस तू."

"पास झालेय," ती पान उलटत म्हणाली. "पण येत नाहीये ना अजून. पंखा लाव जरा."