खटला चालेपर्यंतची लिलियन

लिलियन परेरा परदेशातल्या ट्रुगानिना उपनगरातल्या त्या घरात नेमकी कोण होती, हे ठरवण्यात कोर्टाची दोन वर्षं गेली. तिला स्वतःला ते पहिल्या महिन्यातच कळलं होतं.

वसईहून तिला आणलं ते तिच्याच गावच्या शेरिलने. पाळणाघरात नोकरी लावते म्हणाली. उतरल्यावर पाळणाघर निघालं ते शेरिलच्याच घरातलं, एका तान्ह्या पोराचं, रिकीचं. शेरिलच्या नवऱ्याने, रॉयस्टनने, पासपोर्ट सांभाळून ठेवायला म्हणून घेतला तो घेतलाच. पहाटे पाचला उठायचं, अकराला पाठ टेकायची, एकटीने फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही. पगाराचं काढलं की शेरिल गळ्यात पडायची.

"लिलूमावशी, घरच्या माणसाला कुणी पगार देतं का गं?"

रविवारी मात्र सगळे मिळून चर्चमध्ये मिस्साला. तिथे पापनिवेदनात लिलियनने एकदा सांगितलं की तिने बिस्किटं चोरून खाल्ली. पन्नाशीच्या बाईला राहत्या घरात बिस्किटं का चोरावी लागतात, असं फादरांनी विचारलं, आणि तिचा बांध फुटला. नंतर बाहेर बसून तिने सगळं पुन्हा सांगितलं, तेव्हा त्यांनी तिला विचारून पोलिसांना कळवलं.

पोलिसांनी तिला साक्षीदार केलं. म्हणजे खटल्याला तिची गरज असेल तोवर देशात राहायची परवानगी. एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामही मिळालं. तिकडे शेरिलच्या वडिलांनी गावभर केलं की लिलियन व्हिसासाठी खोटं बोलते. सख्ख्या भावाने फोन उचलणं बंद केलं. परत जायला घर उरलं नाही.

सुनावणीत समोरच्या वकिलाने फोटो दाखवला. रिकीचा बाप्तिस्मा, बाळ लिलियनच्या हातात. बाळाची गॉडमदर, म्हणजे धर्माची आई, कोण, त्याने विचारलं. मीच, ती म्हणाली. जबरदस्तीने?

बायबलवर हात ठेवून शपथ घेतली होती. "नाही. आनंदाने."

डांबून ठेवलेल्या मोलकरणीला कुणी आपल्या पोराची गॉडमदर करतं का, एवढंच बोलून तो खाली बसला. शेरिलने डोळ्यांना रुमाल लावला. गॉडमदर केलं की पोर सांभाळणारे हात कायमचे हक्काचे होतात, हे लिलियनला तेव्हा उमगलं.

या साक्षीवर गुन्हा सिद्ध होणार नाही म्हणून दोन महिन्यांनी सरकारी वकिलांनी खटला मागे घेतला. परवानगीही संपली. महिनाभरात देश सोडायचा.

मदत संस्थेतली, तिची केस बघणारी मयूरा धावत आली. पुण्याहून शिकायला येऊन इथेच राहिलेली मुलगी. खटला टिको न टिको, अशा साक्षीदारांना राहू द्यावं, असा प्रस्ताव संसदेच्या समितीपुढे आहे. लिलियनताईंनी आपली हकीकत द्यावी, असं तिचं म्हणणं.

"मला लागू होईल?"

"नाही, ताई. पुढच्यांना. झाला मंजूर, तर."

लिलियनने खुर्ची पुढे ओढली. मग सांगायला लागली. बाप्तिस्म्याशी आल्यावर मयूराची बोटं लॅपटॉपवर थांबली. एवढं गाळू या, म्हणाली, त्याने बाजू लंगडी पडते.

"कोर्टात खरं बोलले ते भोवलं, म्हणून इथे लपवू? लिही. पोराला मी मायेने धरलं, आणि त्याच्याच आईबापांनी मला कोंडलं. दोन्ही खरंय. हे ज्यांना कळत नाही त्यांनी कायदे तरी कशाला करावेत?"

मयूराने लिहिलं. गुरुवारी ते समितीकडे गेलं. बैठक पुढच्या महिन्यात होती, लिलियनचं विमान मंगळवारी. उतरल्यावर कुणाकडे जाणार, असं मयूराने विमानतळावर हळूच विचारलं.

"देव बघेल," लिलियन म्हणाली. "बाकीच्यांचं बघून झालं."