चोक कुठल्या बाजूला

माझे वडील परभणीत विजेच्या मोटारी भरत. जळालेली तार काढून नवी गुंडाळणे, याला आमच्याकडे मोटार भरणे म्हणतात. झरीच्या रस्त्यावरील, कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगचे काम माझ्या जन्माआधीपासून त्यांच्याकडे होते. मी अभियंता होऊन पुण्यात मोटारीचा वेग कमीजास्त करणारे ड्राइव्ह निवडून देण्याच्या नोकरीला लागले, तेव्हा जिनिंगच्या शेठनी कापूस ओढणाऱ्या पंख्यासाठी ड्राइव्ह माझ्याच सल्ल्याने घेतला. बाबांना त्याचा कोण अभिमान!

त्या हंगामात पंख्याची मोटार तीनदा जळाली. तिन्ही वेळा ती बाबांनीच भरली होती.

पहिल्या वेळी मी शेठना फोनवर विचारले, "चोक बसवलाय ना?"

"बसवलाय की, ताई. तुमी सांगितलेला."

चोक म्हणजे विजेचे झटके अडवणारे तारेचे वेटोळे. ते आहे म्हटल्यावर माझे समाधान झाले. माझ्या प्रश्नातच चूक होती, हे माझ्या ध्यानात आले नाही.

तिसऱ्या वेळी शेठ बाबांच्या दुकानात येऊन चारचौघांत म्हणाले, "मिस्तरी, तुमी तार भरायलाव का दोरा?" लोक हसले. बाबाही हसले, असे आई सांगते. पण त्यानंतर ते तारेचे वेढे मोठ्याने मोजू लागले. पूर्वी गिऱ्हाइकाशी गप्पा मारताना ज्यांचा एक वेढा चुकत नसे, ते मध्येच थांबत, तार उलगडत, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. "हात गेलाय माझा," असे त्यांनी आईला सांगितले आणि वायंडिंगचे मशीन पिंगळीच्या एका कारागिराला देऊन टाकले.

मी सुटीत आले तेव्हा जळालेली मोटार दुकानात तशीच पडली होती. ती उघडून पाहिली. प्रत्येक फेजचे पहिले काही वेढे कोळसा झाले होते. पुढची तार स्वच्छ, तांबूस, एकसारखी बसलेली. भराई वाईट असती तर जळण्याला असा क्रम राहिला नसता.

मी तडक जिनिंगवर गेले. कापसाच्या धुळीला आग लागू नये म्हणून ड्राइव्हचे पॅनेल मोटारीपासून लांब, वजनकाट्यापलीकडच्या खोलीत हलवलेले होते. केबल सगळे आवार ओलांडून येत होती. ड्राइव्ह वीज अतिशय वेगवान ठोक्यांनी पाठवतो. केबल लांब असली की ठोका मोटारीवर आपटून परततो, येणाऱ्या ठोक्यात मिसळतो, आणि दाब जवळजवळ दुप्पट होऊन पहिल्या वेढ्यांवर पडतो. चोक होता, पण ड्राइव्हच्या आधी, बाहेरून वीज येते त्या लाइनच्या बाजूला. तिथला चोक लाइनमधले झटके अडवतो, ड्राइव्हने लाइनमध्ये मिसळलेली घाण कमी करतो. मोटारीला वाचवत नाही. त्यासाठी ड्राइव्हच्या पुढे, मोटारीच्या बाजूला चोक लागतो, आणि एवढ्या लांबीला तर ठोके सौम्य करणारा फिल्टरच. गावात दोन्ही बाजूंच्या चोकला नुसते चोकच म्हणतात. कुठल्या बाजूला, आणि केबल किती लांब, हे विचारणे माझे काम होते. मी विचारले नव्हते.

शेठना मी हे सारे तिथेच सांगितले. घरी येऊन बाबांनाही सांगितले.

"मंग माझी भराई ठीक होती?"

"ठीक होती, बाबा."

"तीनी येळा?"

"तिन्ही वेळा. चूक माझी होती."

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर बरे झाले असते.

फिल्टर बसवला आणि पंख्याची नवी मोटार विनातक्रार चालली. काही दिवसांनी शेठ स्वतः दुसरी एक जळालेली मोटार टेम्पोत घालून आले. "मिस्तरी, तोंडातून वंगाळ शब्द गेला. माफ करा. तुमीच भरा ही. मशीन मी आणून देतो."

बाबांनी त्यांना चहा पाजला. मग म्हणाले, "न्हाई जमत आता, शेठ. पोरीनं सांगितलं, समदं पटलं. पण मोजताना मधीच भ्या वाटतंय."

शेठनी दोनदा आग्रह केला आणि ते उठले. मोटार टेम्पोत पुन्हा चढवताना एका बाजूने बाबांनीच हात लावला.