ईश्वरअप्पांच्या बेलांची लाखोली

पेडगाव फाट्यावर माझं चहाचं हॉटेल हाय. मला पंडित म्हणतात. हॉटेलासमोर वनविभागाचं उद्यान हाय आणि त्यावर ईश्वरअप्पा राखणदार हायेत. ह्या माणसानं माझं डोकं किती खाल्लंय ते माझं मलाच ठाऊक.

सरकारनं उद्यानात फिरायला पायवाट केली, बसायला सहा बाकडी टाकली. चार वर्षांत त्या बाकड्यांवर कुणी टेकलं न्हाई. लोक बसतात माझ्याकडं, एका चहावर दोन तास. पण झाडं दोनशे, त्यातली नव्वद बेलाची, आणि अप्पांचा सगळा जीव त्या बेलांत. नवी फांदी फुटली तरी मला हाताला धरून दाखवायला न्यायचे. उकळतं दूध सोडून मी कितीदा गेलोय.

यंदा श्रावणात वनविभागाच्या राजेश्री मॅडम झाडं मोजायला येणार होत्या. शंभरात ऐंशी जगलेली भरली तर अप्पांचं काम आणखी तीन वर्षं चालू, न्हाईतर घरी बसायचं. वय अठ्ठावन्न. दुसरं काम कोण देतंय?

आणि नेमकी तवाच बेलाची पानं गायब व्हायला लागली. रोज चार-पाच झाडं बोडकी. अप्पा म्हणाले, "पंडित, अळी पडलीय." मी म्हणलं, अळी पान कुरतडती, देठासकट खुडून न्हेत न्हाई. पण ऐकतंय कोण? लसूण, मिरची, गोमूत्र आठ दिवस कुजवून त्यांनी अर्क केला आणि सगळ्या बेलांवर फवारला. तीन दिवस माझ्या हॉटेलात गिऱ्हाईक टिकलं न्हाई. लय शिव्या दिल्या मी, मनातल्या मनात.

चौथ्या दिवशी गावातल्या महादेवाचे पुजारी सिताराम गुरव चहाला आले, तोंड वाकडं करून. "पंडित, पिंडीला लसणाचा वास यायलाय. दोनदा धुतली, जात न्हाई."

शेजारी अप्पा बशीत चहा ओतत होते. त्यांचा हात थांबला.

"बेल कोण वाहतंय सध्या?" मी विचारलं.

"अप्पांच्या मंडळींनीच लाखोली धरलीय की. लाखातली साठ हजार पानं वाहून झाली. अप्पांना ठाऊक असंलच."

अप्पांना काही ठाऊक नव्हतं. त्यांची बायको, नागुबाई, रोज सकाळी अप्पा हापशावर पाण्याला गेले की, मागच्या कुंपणातून आत शिरायच्या आणि पदर भरून पानं न्यायच्या. घरात लसणाचा वास यायचा, पण अप्पांना वाटायचं तो आपल्याच अंगाचा.

अप्पा तडक घराकडं निघाले. भांडण सोडवायला म्हणून मीही मागं गेलो. खरं म्हणजे बघायला.

"नवस कशाचा बोललीस?" अप्पांनी विचारलं.

"तुमचं काम राहू दे म्हणून."

अप्पा ओट्यावर बसले. "आगं, त्याच कामाची झाडं हायेत ती."

"मग बेल आणू कुठून? सगळ्या शिवारात तुमच्यासारखं पान न्हाई कुणाचं. देवाला काय किडकं वाहू?"

ह्यावर चिडावं का खूश व्हावं, ते अप्पांना उमगेना.

दुसऱ्याच दिवशी मॅडम आल्या. पहिला बोडका बेल बघून त्यांनी मेलेल्यांत लिहायला पेन काढलं. अप्पांनी नखानं साल खरवडली. आत हिरवंगार. "जित्तं हाय मॅडम." दुसरं खरवडलं, तिसरं खरवडलं.

"पण पानं कुणी तोडली?" मॅडमनी विचारलं.

राखणदाराच्याच घरातला चोर, अप्पा सांगणार कसं? तेवढ्यात माझ्याशेजारी उभ्या नागुबाई पुढं आल्या. "मी तोडली. ह्यांचं काम राहावं म्हणून देवाला वाहिली."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. मग वाकल्या आणि स्वतःच्या नखानं पुढच्या झाडाची साल खरवडायला लागल्या. जगलेली एकशे अडुसष्ट भरली. काम राहिलं. अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही.

मॅडमची गाडी वळली तशा नागुबाई म्हणाल्या, "देव पावला. आता राहिलेली चाळीस हजार वाहायला पाहिजेत."

अप्पांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "बेलाच्या बुडाशी महादेव राहतो म्हणतीस ना? मग राहिलेली पानं झाडावरच राहू दे. पानामागं एक तांब्या पाणी बुडाला वाहू."

"चालंल," नागुबाई म्हणाल्या. "पण पाणी तुमी वाहायचं. मी मोजते."

आता रोज सकाळी अप्पा बादली आन् तांब्या घेऊन नव्वद बेलांना फेऱ्या मारायलेत. बेलांना कोवळी पालवी फुटलीय. आणि चार वर्षांत पहिल्यांदा उद्यानातल्या सरकारी बाकड्यावर कुणीतरी बसलंय. नागुबाई तिथं बसून आकडे म्हणतात, आणि अप्पांनी तांब्या अर्धाच भरला तर तो धरत न्हाईत.