यम्नाने सुचवलेली रायफल

सुमैय्या परकार लग्न होऊन दुबईला आली, तेव्हा पहिल्या वर्षभरात या शहरात तिला एकच माणूस आपलं वाटलं. ती म्हणजे यम्ना. नवरा यहया जबल अली बंदरातल्या शिपिंग कंपनीत. कंपनीची बस उजाडायच्या आत निघायची आणि तो परत यायचा तो जेवून आडवा होण्यापुरता. सुमैय्या दाभोळची, यम्ना श्रीवर्धनची. एका लग्नात शेजारी बसल्या, दोघींनी एकाच वेळी सांदणाची आठवण काढली आणि तिथून जे जमलं ते जमलंच. मुलीच्या, हिबाच्या वेळच्या बाळंतपणात यहया बंदरात अडकला होता, तेव्हा सुमैय्याचा हात धरून यम्ना बसली होती. नर्सने विचारलं, "बहीण का?" यम्ना म्हणाली, "हो."

पुढे यम्नाच्या नवऱ्याचा, अजीजभाईंचा, कॉन्ट्रॅक्टिंगचा धंदा वाढला आणि ते अबूधाबीला अल रीम आयलंडवर उंच इमारतीत राहायला गेले. सुमैय्या दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या मसाल्याच्या फॅक्टरीत क्वालिटी बघायला लागली. भेटी कमी झाल्या, पण फोन सुटला नाही.

बंदुकीचा नाद यम्नाचा. अजीजभाईंबरोबर ती शूटिंग क्लबला जायची, दर हिवाळ्यात दोघं स्कॉटलंडला हरणांच्या शिकारीला जायची. एका शनिवारी तिने सुमैय्याला ओढूनच क्लबवर नेलं. "काय सारखी मिरचीची पावडर चाळत बसतेस! यल्ला, चल."

क्लबचा कोच डेहराडूनचा निवृत्त सुभेदार. त्याने सुमैय्याच्या हातात सगळ्यात लहान रायफल दिली, श्वास कुठे थांबवायचा ते सांगितलं. तिने सावकाश, एकेक करून गोळ्या मारल्या. कागद जवळ आणला तर सगळी भोकं एका दिरहॅमच्या नाण्याखाली झाकली जातील अशी.

"मॅडम, पहले कहाँ सीखा?"

"कहीं नहीं."

सुभेदार यम्नाकडे वळला. "यम्ना मॅडम, इनको देखिए. इसको बोलते हैं ट्रिगर दबाना."

यम्नाने सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. सुमैय्याच्या लक्षात राहिल्या त्या टाळ्याच.

सुमैय्याला क्लबची गोडी लागली. तिथे ना मशीनचा आवाज, ना सुपरवायझरचा फोन. दोनेक वर्षांत ती क्लबच्या छोट्या स्पर्धा जिंकू लागली. अजीजभाई थट्टेत बायकोला म्हणायचे, "शिक जरा सुमीकडून." सगळे हसायचे. यम्नाही हसायची. एक दिवस तीच म्हणाली, "या हिवाळ्यात आमच्याबरोबर स्कॉटलंडला चल. कागदावर भोकं पाडणं पुरे झालं."

सुमैय्याने लगेच हो म्हटलं नाही. जीव घ्यायचा म्हणजे काय, हा विचार तिने बरेच दिवस केला. यम्नाने समजावलं : तिकडे हरणांवर जगणारं जनावर उरलेलं नाही, कळप वाढतात, कोवळी झाडं खाऊन डोंगर बोडके करतात, म्हणून हिवाळ्यात ठरावीक माद्या माराव्याच लागतात. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने, ओल्या गवतातून रांगत जवळ जायचं आणि एकच गोळी. यहया म्हणाला, "बकरीदचं मटण आपण खातोच ना? फक्त सुरी दुसऱ्याच्या हातात असते."

ते तिला पटलं. पण तिने मनाशी एक ठरवलं. मारायचंच तर असं, की जनावराला कळायच्या आत सगळं खलास व्हावं. त्यासाठी रायफल आणि तिच्यावरची दुर्बीण, म्हणजे स्कोप, नीट पारखून घ्यायची. आणि पारखायची म्हणजे यम्नाला विचारून. दुसऱ्या कुणाला विचारायचं तिच्या डोक्यातही आलं नाही.

अबूधाबीत शिकारीच्या सामानाचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. एका दालनात ससाणे, एका दालनात खोगिरं, मधल्या दालनात बंदुका. स्कॉटलंडच्या एका दुकानदाराचा तिथे स्टॉल होता. रायफल त्याच्याकडेच तिकडे राहणार, कागदपत्रं तोच बघणार, शिकारीच्या दिवशी डोंगरावर आणून देणार, असा त्याचा व्यवहार. म्हातारा दुकानदार सुमैय्याशी दहा मिनिटं बोलला. कुठे शिकलात, खांद्याचं दुखणं आहे का, चष्मा लागतो का. मग त्याने एक साधी, हलकी रायफल तिच्या हातात दिली.

"सिक्स-पॉइंट-फाइव," तो गोळीचं माप सांगत म्हणाला. "धक्का कमी, गोळी सरळ. हरणाला पुरून उरते. वर हा सहा पट दाखवणारा स्कोप. डोळा जरा मागे-पुढे झाला तरी चित्र दिसतं. पहिली रायफल अशी असावी की तिची भीती वाटू नये."

सुमैय्याने ती खांद्याला लावली. दस्ता गालाशी असा बसला, जणू तिच्या मापाने घेतलेला. तिने वळून यम्नाकडे पाहिलं.

यम्नाने तिला बाजूला घेतलं. "बाई बघून बाईची रायफल दाखवतोय, कळतंय का?" ती मराठीत, दबक्या आवाजात म्हणाली. "डोंगरावर वारा केवढा असतो, तुला काय ठाऊक! हलकी गोळी उडून जाते. मी पहिल्या वर्षापासून मॅग्नमच वापरते. ती बघ, तिकडची."

मॅग्नम जड होती. तिच्यातली गोळी सुमैय्याच्या मधल्या बोटापेक्षा लांब. वर यम्नाने निवडलेला स्कोप, पंचवीस पट जवळ दाखवणारा, पाण्याच्या बाटलीएवढा.

"धक्का बसेल ना गं?"

"तुला? सुभेदाराच्या लाडक्या शिष्येला?"

म्हातारा दुकानदार दोनदा म्हणाला, "मॅडम, पहिल्यांदाच घेताय, पुन्हा विचार करा." यम्ना हसून त्याला म्हणाली, "हबीबी, ही आमची बेस्ट शूटर आहे." ते ऐकून सुमैय्याला बरं वाटलं. तिने मॅग्नम घेतली. गाडीत बसल्यावर दिरहॅमचे रुपये करून यहयाला आकडा सांगितला, तर तो फोनवर नुसता "या अल्ला" म्हणाला. एवढी मोठी गोळी क्लबवर चालवायची परवानगी नव्हती, त्यामुळे ती रायफल तिला इथे एकदाही मारून बघता आली नाही.

नोव्हेंबरात ती स्कॉटलंडला पोचली. यम्ना आणि अजीजभाई आधीच गेले होते, त्यांचे चाचणीचे बार उडवून झाले होते. डोंगरावर माग काढून नेणारा माणूस, इयन, कमी बोलणारा. त्याने आधी सुमैय्याला कागदावर बार टाकायला लावले. यम्ना मागे उभी होती.

पहिल्या बाराला काय झालं ते सुमैय्याला कळलंच नाही. खांद्यावर कुणीतरी फळी मारावी तसं झालं, आणि स्कोपची कड उजव्या भुवईवर आदळली. डोळ्यात काहीतरी गरम उतरलं. इयनने रुमाल दाबून धरला. भुवईवर अर्धचंद्रासारखी चीर पडली होती.

पट्टी लावून तिने पुन्हा रायफल उचलली. पण आता बोट घोड्याकडे गेलं की डोळे आपोआप मिटायचे. एक गोळी बरी लागली, एक लांब गेली, मग पुन्हा एक बरी. इयन कागदाकडे बघत राहिला.

"माझी रायफल घ्या," तो म्हणाला. "हलकी आहे. यात कमीपणा नाही."

सुमैय्या हो म्हणणार होती. तिने तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात यम्ना पुढे आली. "नाही, नाही. इतक्या हौसेने स्वतः निवडून आणलीय. सुमी, पहिल्यांदा सगळ्यांनाच लागतं. मलाही लागलं होतं. आता माघार घेतलीस ना, तर आयुष्यभर डाचेल."

सुमैय्याने आपली मॅग्नमच उचलली.

दुपारी इयन तिला घेऊन डोंगर चढला. यम्ना आणि अजीजभाई दुसऱ्या माणसाबरोबर पलीकडच्या खोऱ्यात गेले. चिखलातून रांगताना कोपरं भिजली, दात वाजायला लागले, पण वारा तोंडावर होता आणि माद्यांना काही कळलं नव्हतं. इयनने बोटाने एक म्हातारी मादी दाखवली. सुमैय्याने स्कोपला डोळा लावला आणि तिला फक्त तपकिरी केस दिसले. पंचवीस पट जवळ आलेले केस. खांदा कुठे संपतो, पोट कुठे सुरू होतं, काही उमजेना. ती चित्र लहान करायला गेली, तोवर मादीने मान वर केली. इयन कुजबुजला, "आता."

तिने बिस्मिल्ला म्हटलं, आणि घोडा दाबताना डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा कळप पळत होता आणि एक मादी कमरेत वाकून त्याच्या मागे पडत होती.

"गोळी मागे लागली," इयन म्हणाला. पोटात, असं त्याने म्हटलं नाही. त्याने मागे बांधून ठेवलेला कुत्रा मागावर सोडला, स्वतःची रायफल घेतली आणि तिला तिथेच बसायला सांगितलं. ती दगडाला टेकून बसली. अंधारून यायला लागलं. बऱ्याच वेळाने खोऱ्याच्या टोकाकडून एकच बार ऐकू आला. मग ती उठली.

संध्याकाळी लॉजमध्ये शेकोटीपाशी यम्नाने तिला जवळ घेतलं. यम्नाच्या खोऱ्यात एका गोळीत काम झालं होतं, पण त्याबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. सुमैय्या रडत म्हणाली, "किती वेळ तडफडली असेल गं ती!" यम्ना तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. "होतं असं. प्रत्येकाचा हात यासाठी नसतो, सुमी. तू कागदावरच छान मारतेस. तेवढं पुष्कळ आहे."

त्या हाताचा सुमैय्याला केवढा आधार वाटला होता! पुढे तिला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच.

परत आल्यावर तिने क्लबवर जाणं बंद केलं. भुवईची जखम भरली, खूण राहिली. फॅक्टरीत मिक्सरचं झाकण आपटलं तरी तिचे डोळे मिटत. हिबा विचारायची, "मॉम, व्हाय डू यू ब्लिंक लाइक दॅट?"

महिन्याभराने अजीजभाईंनी त्यांना अल रीमला जेवायला बोलावलं. खिडकीतून खाली निळं पाणी दिसत होतं, यम्ना स्वयंपाकघरात बिर्याणीला दम देत होती. अजीजभाई सुमैय्याच्या भुवईकडे बघून हळहळले.

"किती समजावलं यम्नाने तुला! पण तू मॅग्नमचा हट्टच धरलास म्हणे. मी तर तिला म्हटलं होतं, तुझी सिक्स-पॉइंट-फाइव दे सुमीला, पहिल्या खेपेला बरी. ती म्हणाली, मी विचारलं, पण ती ऐकतच नाही."

सुमैय्या म्हणाली, "यम्नाची सिक्स-पॉइंट-फाइव?"

"मग? पहिल्यापासून तीच. मॅग्नम एकदा माझी मारली होती तिने, खांदा धरून रडत बसली. पुन्हा हात लावला नाही."

यहयाने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. सुमैय्या उठली आणि स्वयंपाकघरात गेली.

यम्नाने सगळं ऐकलं होतं. ती झाकणावरच्या कणकेकडे बघत उभी होती.

"मला सांग, मी चुकीचं ऐकलं," सुमैय्या म्हणाली.

यम्नाने कणकेची कड बोटाने दाबली.

"म्हातारा सांगत होता. इयन सांगत होता. मी तुझं ऐकलं. का केलंस?"

"मला वाटलं नव्हतं इतकं होईल," यम्ना म्हणाली. "तुला क्लबवर मी नेलं. मी! आणि मग सुभेदार तुझा, कप तुझे, घरात अजीजसुद्धा, 'शिक जरा सुमीकडून'. माझ्याकडे हे एकच होतं गं. मला फक्त वाटलं, एकदा तुझा नेम चुकावा. एकदाच. मला काय माहीत, त्या हरणीला..."

"नेम चुकावा म्हणून?"

"मी शेकोटीपाशी सांगणार होते."

"शेकोटीपाशी तू माझ्या डोक्यावरून हात फिरवत होतीस, यम्ना."

यम्ना रडायला लागली. सुमैय्याने बाळंतपणातला तिचा हात आठवून बघितला. तो तरी खरा होता का? होता. तो खरा होता, आणि हाही तोच हात होता. तिला तिथे उभं राहवेना. बाहेर येऊन ती यहयाला म्हणाली, "चला." बिर्याणी कुणीच खाल्ली नाही. अजीजभाई लिफ्टपर्यंत मागे आले, "काय झालं, सांगा तरी" म्हणत. सुमैय्याने त्यांना काही सांगितलं नाही. ते यम्नाने सांगायचं होतं.

त्यानंतर यम्नाचे मेसेज येत राहिले, पुढे फक्त ईदला. सुमैय्याने तिला ब्लॉक केलं नाही आणि उत्तरही दिलं नाही. हिबाने दोन-तीनदा विचारलं, "यम्ना आंटी डझन्ट कम एनीमोअर?" मग तिनेही विचारायचं सोडलं.

क्लबवर ती परत गेली ती उन्हाळ्यात. सुभेदाराने तिला पुन्हा तीच सगळ्यात लहान रायफल दिली. तो गोळ्यांमध्ये मधेच एक खोटी गोळी भरून द्यायचा. ती आली की बार उडायचा नाही, पण सुमैय्याचे डोळे मिटलेले तिचे तिलाच कळायचे. महिनोन्महिने तेवढंच चाललं. हळूहळू डोळे उघडे राहायला लागले. तिने म्हाताऱ्या दुकानदाराला फोन करून मॅग्नम विकायला सांगितली आणि ती पहिली, हलकी रायफल आहे का विचारलं. या वेळी तिने दुसऱ्या कुणाचंही मत घेतलं नाही. यहया म्हणाला, "सुभेदाराला तरी विचार." ती म्हणाली, "नको." हे 'नको' आता तिच्या प्रत्येक गोष्टीत आलं होतं. फॅक्टरीतल्या मुली डबा उघडून "चव बघा ना" म्हणाल्या, तरी ती आधी त्यांच्या तोंडाकडे बघायची.

हिवाळ्यात ती यहयाला घेऊन पुन्हा त्याच डोंगरावर गेली. इयनने तिच्या रायफलकडे पाहून मान हलवली, बस्स. दिवसभर वारा फिरत राहिला, दोनदा कळप उठून गेला. उतरणीला लागताना ओढ्याच्या वळणावर एक मादी आडवी उभी राहिली. स्कोपमध्ये पूर्ण हरण दिसत होतं, त्याच्या मागचा डोंगरही. सुमैय्याने बिस्मिल्ला म्हटलं आणि डोळे उघडे ठेवले.

मादी जिथे होती तिथेच गुडघ्यांत दुमडली. इयनने सुमैय्याच्या खांद्यावर थाप मारली. यहया वर चढून येत होता, धापा टाकत, हसत.

सुमैय्याने हातमोजा काढून फोन बाहेर काढला. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं, आणि बोट आपसूक एका नावावर जाऊन थांबलं. यम्ना. ती बराच वेळ त्या नावाकडे बघत राहिली. मग फोन खिशात ठेवला आणि हरणीपाशी जाऊन बसली. तिचं अंग अजून गरम होतं.