व्याह्यांचं विणकाम

लोकरीलाही लोखंडासारखं धाकात ठेवता येतं असं मानणारा माणूस पृथ्वीवर एकच असेल, आणि तो नेमका माझा व्याही आहे. चाकणच्या एका कंपनीत त्यांनी उभा जन्म सुटे भाग मोजण्यात घालवला. रिटायर झाले, पाठोपाठ बायको गेली, आणि एका सकाळी कासारवाडीहून थेरगावला माझ्या दारात येऊन म्हणाले, "विहीणबाई, मला मशीनवर विणायला शिकवा." मी घरी स्वेटर विणून विकते, म्हणून माझ्याकडे. त्यांची बायको दर थंडीला आमच्या नातीसाठी हातानं स्वेटर विणायची. तिची निळी लोकर पिशवीत तशीच राहिली होती. पुरणार एकाच स्वेटरला, आणि तो रंग आता मिळत नाही.

यायचे ते पहिल्या पाळीला निघाल्यासारखे, हातात डबा, पायात कंपनीचे जड बूट. विणायचं मशीन म्हणजे लांब पट्टी, तिच्यात ओळीनं सुया. वरून कॅरेज म्हणतात तो मुठीचा भाग सरकवला की एक ओळ विणून होते. यांनी सुरुवातीला विणलंच नाही, सुया पुसल्या. एक जरा वाकडी निघाली, तर कंपनीत खराब भागाला लावतात तसा तिला लाल कागद चिकटवला. जेवायची सुट्टी घड्याळावर. माझं वरण गॅसवर असलं तरी हे डबा उघडून बसणार. नातीचं माप घेतलं तेही सुटे भाग मोजायच्या व्हर्नियरनं. गार लोखंड मानेला लागल्यावर पोरगी म्हणाली, "आजोबा, मी काय नटबोल्ट आहे?" त्यांनी तिला हलू नको म्हणून सांगितलं आणि आकडा उतरवला. कागदावर नात समोरून, बाजूनं आणि वरून काढलेली होती. वरून म्हणजे नुसतं एक वर्तुळ.

विणताना खाली वजनं टांगलेली असतात, त्यानं वीण ताणून लांब आणि अरुंद दिसते. म्हणून आधी छोटा नमुना विणायचा, काढून रात्रभर ठेवायचा, मगच मोजायचा. यांनी वजनांसकट जागेवरच मोजला.

"भाऊ, ती ताणलेली आहे. जरा पडू द्या तिला."

"पडून काय होणार? माप ते माप."

स्वेटर निघाला तो उशीच्या अभ्र्यासारखा रुंद आणि आखूड. नातीनं घालून हात वर केले तर बेंबी दिसली. ती हसली. हे "रिजेक्ट" म्हणाले आणि खालीच बसले. कंपनीत चुकलेला भाग भंगारात जातो. यांना वाटलं, बायकोची लोकर गेली. मी शेवटचं टोक शोधून ओढलं. स्वेटर सरसर उसवला आणि माझ्या मांडीवर कुरळ्या लोकरीचा ढीग झाला.

"सगळी परत मिळते?" त्यांनी हळूच विचारलं.

"मिळते. धुवायची, वाळवायची, पुन्हा विणायची."

दुसऱ्या वेळी त्यांनी नमुना काढून टेबलावर ठेवला आणि समोर खुर्ची टाकून बसले. व्हर्नियर खिशातच. मी म्हटलं घरी जा, उद्या या. हलले नाहीत. नमुन्याकडे बघत म्हणाले, "ही रोज सांगायची, आल्या आल्या परत कामाला लागू नका, जरा पडा. मी कधी ऐकलं नाही."

मी चहा टाकायला गेले.

तो स्वेटर पुढे नातीला नीट बसला, थंडीभर तिच्या अंगावर होता. पण त्या दिवशी मी चहा घेऊन बाहेर आले, तर नमुना टेबलावर पडलेला आणि हे खुर्चीत झोपलेले. बूट काढून बाजूला ठेवले होते. उठवलं नाही. दोन्ही कप मीच प्यायले.