मधुमालतीमागचं दार

मी एकदा एक दार बुजवलं होतं. तेही फुलांनी, म्हणजे मूर्खपणा केला तो सुवासिक केला. लग्न होऊन ग्वाल्हेरला, लष्कर भागातल्या दौलतगंजात आले तेव्हा मी अठरा वर्षांची होते, मॅट्रिक होते आणि मुख्य म्हणजे पुण्याची होते. अक्कल सोडून बाकी सगळं माझ्यापाशी होतं. गेल्या महिन्यात गावाच्या पलीकडच्या टोकाहून, मुरारहून फोन आला, की यमुनावन्सं सकाळी चहा पिता पिता गेल्या... तेव्हा रडू यायच्या आधी मला ते दारच आठवलं.

मध्य भारत नावाचं आमचं राज्य तेव्हा नुकतंच मोडलं होतं. त्या राज्यात कचेरी हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला असायची, त्यामुळे घरच्या पुरुषांना ट्रंक भरायची सवयच होती. आता राजधानी भोपाळ झाली आणि एकेक खातं तिकडे हलू लागलं. आमचे हे कारकून. पावसाळ्यात त्यांच्या खात्याची पाळी होती. "क्वार्टर मिळालं की तुला नेतो," असं त्यांनी सांगितलं आणि मी ते खरं धरलं. तोवर हात रिकामे कसे ठेवायचे? लग्नानंतर लगेचच सासूबाई वन्संना घेऊन मोठ्या लेकीच्या बाळंतपणाला उज्जैनला गेल्या होत्या. घरात मामंजी, हे आणि मी. म्हणून मी परसाकडे मोर्चा वळवला.

परस कसलं, अडगळीचं स्मशान! मोडक्या बाजा, फुटकं जातं, कोळशाचा ढीग, एरंडाचं रान. पुण्यात एका बंगल्याची बाग मी कुंपणाबाहेरून पाहिली होती, तेवढ्या भांडवलावर मी कोळशाने भिंतीवर नकाशा काढला. मधोमध फरशीची वाट, दोन्हीकडे मोगऱ्याचे वाफे, कडेला मेंदी आणि वाट संपते तिथे वेलीची कमान. फक्त तिथे गल्लीत उघडणारं एक बुटकं, रंग उडालेलं दार मध्ये येत होतं. ते कधी उघडलेलं मी पाहिलं नव्हतं. गवंडी म्हणाला, "बहूजी, दरवाजा रहने दो, किसी काम आएगा." मी म्हटलं, "किस काम?" त्या बिचाऱ्याने थापी उचलली. दाराला टेकून मी उंच ओटा बांधून घेतला, त्यात मधुमालती लावली आणि जूनच्या लूमध्ये, त्या पोळणाऱ्या वाऱ्यात, तिला तांब्यातांब्याने पाणी घालून जगवली. आषाढात ती अशी तरारली की दार दिसेनासं झालं. मामंजी तर खूश! रोज संध्याकाळी तिथे खुर्ची टाकायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "सूनबाईंनी बगीचा केला. शिवाय मागून चोराचं भय गेलं."

चोराचं गेलं, हे खरं. पण जुलैत सासूबाई आणि वन्सं परत आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूल पेटवत होते. बघते तर खांद्याला पिशवी लावून त्या परसात उभ्या.

"वहिनी, हे काय गं?"

"मधुमालती," मी कौतुकाच्या अपेक्षेने म्हटलं.

"ते दिसतंय मला. दार कुठाय?"

तेव्हा त्यांच्याकडून मला सगळं कळलं. वन्सं माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या. लग्नाचं वर्ष सरायच्या आत विधवा होऊन माहेरी आलेल्या. पुरुष कामाला निघतात त्या वेळी विधवेने समोर येऊ नये, हा घरचा दंडक. म्हणून मुरारला शिक्षिकांच्या वर्गाला त्या मागच्या दाराने जात. मामंजींना ते ठाऊक होतं, पण डोळ्यांदेखत घडलं नाही तर त्यांच्या लेखी ते घडतच नसे. असा सगळा कारभार त्या बुटक्या दारावर चालला होता, आणि मी त्याच्यापुढे ओटा बांधला होता. हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देणार नव्हते. परीक्षा नाही तर नोकरी नाही, आणि नोकरी नाही तर जन्मभर हेच घर, भावजयीच्या हाताखाली, म्हणजे माझ्या!

मी मामंजींकडे गेले. म्हटलं, ओटा काढू या, भिंतीला ओल लागते. "छे छे," ते म्हणाले, "इतकी सुंदर वेल!" मी वन्संना म्हटलं, मी कुदळ घेते. त्या म्हणाल्या, "फिजूल गोष्टी नको करूस. वेलीचा काय दोष?" आणि पिशवी खुंटीला लावून तांदूळ निवडायला बसल्या. आठवडाभर त्या नुसते तांदूळ निवडत होत्या... तितके खडे कुठल्याच तांदळात नसतात.

ह्यांचा भोपाळला निघायचा दिवस उजाडला. दाराशी टांगा, टांग्यात ट्रंक, मी ह्यांच्या तळहातावर दही घालतेय, तेवढ्यात फिकट लुगडं, खांद्याला पिशवी, वन्सं माजघरातून आल्या आणि आम्हा सगळ्यांच्या समोरून पुढच्या दाराने बाहेर पडल्या. धावत नाही, मान खाली घालून नाही. भाजीला जावं तशा. मामंजी ओरडले, "यमे!" मग ह्यांच्याकडे वळून, "तू बस! पाणी पी! आत ये!" अपशकुन उतरावा म्हणून हे बसले, पाणी प्याले, पुन्हा दही खाल्लं, आणि स्टेशनात पोचेपर्यंत गाडी गेली. टांगा ट्रंकेसकट परत आला. सासूबाई रडत होत्या आणि मी पदर तोंडात कोंबून हसत होते. मला काय ठाऊक, गाडी कुणाची चुकलीय ते!

दुसऱ्या दिवशी हे गेले. वन्संही गेल्या, पुढच्याच दाराने. तिसऱ्या दिवशी मामंजींनी तोड काढली. वन्संची वेळ झाली की ते ओसरीवर वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरत. एकदा ते उलटं धरलं होतं. परीक्षेच्या दिवशी मात्र वर्तमानपत्रामागून आवाज आला, "यमे, पेन घेतलंस न?"

क्वार्टर काही मिळालं नाही. चार कारकुनांत एक खोली होती. मग सासूबाईंनी अंथरूण धरलं, मग मुलं झाली, मग मुलांच्या शाळा... हे सणावारी पाहुण्यासारखे यायचे, बागेचं कौतुक करायचे आणि जायचे. निवृत्त होऊन आले तेव्हा मोगऱ्याचे वाफे मी तिसऱ्यांदा बदलले होते. भोपाळ मी अजून पाहिलेलं नाही. 'पुढच्या दिवाळीनंतर' हे मी इतकी वर्षं म्हटलंय, की आता ते एखाद्या गावाचं नाव वाटतं.

मधुमालती अजून आहे. खोड मनगटाहून जाड झालंय, दार तिच्यामागे कुजलं असेल. परवा नातसून म्हणाली, "आजी, ही बेल कटवून टाकू न? पीछेसे स्कूटर निकल जाएगी." मी तिला अजून हो म्हटलेलं नाही.

नोकरी लागल्यावर वन्संनी मुरारला स्वतःची खोली घेतली. त्यानंतरच्या रविवारी त्या आल्या, कमरेला नवी किल्ली खोचून. सासूबाईंना औषध देऊन मी वन्संना परसात नेलं, नवी गुलबक्षी दाखवली, मेंदी किती सरळ कापलीय ते दाखवलं. त्या ओट्यावर टेकल्या. त्यांनी आधी वेलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाग बिलकुल छान झाली गं, वहिनी. आता तुझं दार कुठे ठेवलंयस, ते सांग."